अपघातानंतरची पहिली दहा मिनिटं : कामाच्या ठिकाणी प्रथमोपचाराची सोय कशी लावाल

रात्रपाळीला, सुपरवायझर दुसऱ्या शेडमध्ये असताना कोणाचा हात यंत्रात सापडला तर आधी कोण धावेल? काय घेऊन धावेल? अँब्युलन्स गेटवर आली की तिला आत कोण आणेल? प्रथमोपचाराची सोय लावायला बसलेल्या मालकांना आणि मॅनेजरांना मी आधी हे तीन प्रश्न विचारते. पेटीत काय ठेवायचं, ते नंतर. मी कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होते, आता कामगारांना प्रथमोपचार शिकवते. दिवसपाळीला सगळं हाताशी असतं : नर्स असते, गाडी असते, फोन उचलणारे साहेब असतात. सोय लावायची ती यातलं कोणीही नसताना चालेल अशी.

कायद्याचं आधी सांगून टाकते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९८१चा १५५ क्रमांकाचा करार आहे. अपघात आणि आणीबाणीला तोंड देण्याची, त्यात पुरेशा प्रथमोपचाराचीही, सोय मालकाने करायची, असं त्याच्या १८व्या कलमात आहे. २०२२मध्ये या संघटनेने कामाची जागा सुरक्षित आणि निरोगी असणं हे कामगारांच्या मूलभूत हक्कांमध्ये धरलं. किती माणसांमागे किती पेट्या, किती प्रशिक्षित माणसं, कोणती नोंदवही, हे ज्या त्या ठिकाणचे नियम ठरवतात. तुम्हाला लागू असलेले नियम मिळवा आणि शब्दन् शब्द वाचा. पण तो आकडा कमीत कमीचा असतो. तुमच्या शेडमध्ये काय घडू शकतं, हे त्या कागदाला माहीत नसतं.

ते कळायला फेरी मारावी लागते, आणि ती नकाशा घेऊन नाही, तिथे काम करणाऱ्यांना बरोबर घेऊन. प्रत्येक यंत्रापाशी थांबून विचारा, ‘इथे थोडक्यात कोण वाचलं?’ अपघाताच्या नोंदवहीत न आलेल्या गोष्टी या प्रश्नाला बाहेर येतात. प्रेसवर बोटं चेंगरतात, बॉयलरजवळ वाफेने भाजतं, प्लेटिंगला आम्ल डोळ्यात उडतं, टाकीत वायू साठतो. ऑफिसात काय व्हायचंय, असं समजू नका. हृदय बंद पडणं आणि घास अडकणं टेबलखुर्चीवरही होतं. एकटा काम करणारा पंपावरचा किंवा गोदामातला माणूस वेगळा लिहून ठेवा. तो पडला तर किती वेळाने कळेल, हाच त्याचा धोका.

पेटी

पेटीला कुलूप लावू नका. चोरी होते म्हणून कुलूप आणि किल्ली स्टोअरकीपरच्या खिशात, असं मी फार ठिकाणी पाहिलंय. त्यापेक्षा हाताने तुटणारं प्लास्टिकचं सील लावा. सील तुटलेलं दिसलं की पेटी उघडली गेली हे कळतं आणि ती भरायची आठवण राहते. पेटी सामान्य उंचीच्या माणसाचा हात पोहोचेल अशी, डोळ्यांसमोर, कामाच्या जागेपासून दोन मिनिटांच्या आत हवी.

आत काय? हातमोजे सगळ्यात वर, कारण रक्ताला हात लावण्याआधी तेच लागतात. मग निर्जंतुक गॉज आणि मोठे ड्रेसिंग भरपूर, रोलर बँडेज, त्रिकोणी बँडेज, चिकटपट्ट्या, कपडा कापेल अशी कात्री, भाजल्यावरचं ड्रेसिंग, सलाइनच्या छोट्या बाटल्या, कृत्रिम श्वासासाठीचा मास्क, फॉइलचं ब्लँकेट. जिथे कापण्याचं, चेंगरण्याचं काम चालतं तिथे टुर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा, आणि तो वापरायला शिकलेला माणूस. कापूस उघड्या जखमेवर ठेवू नका, त्याचे तंतू जखमेत चिकटतात. गोळ्या तुमच्या नियमांनी सांगितल्या नसतील तर पेटीत ठेवूच नका. डोकं दुखतंय म्हणून सहज दिलेली गोळी एखाद्या दमेकऱ्याला किंवा ॲलर्जी असलेल्याला महागात पडते.

पेटीची जबाबदारी ‘सगळ्यांची’ असली की ती कोणाचीच नसते. झाकणावर एकाचं नाव आणि तपासणीची तारीख लिहा. त्याला महिन्यातून एकदा मुदती बघायला कामाच्या वेळातून वेळ द्या.

प्रेस शॉपच्या पेटीत मी आणखी एक वस्तू ठेवायला लावते : तोंड बंद होणाऱ्या दोन प्लास्टिकच्या पिशव्या. बोट तुटलं की सगळे जखमीभोवती जमतात आणि बोट यंत्राखाली राहतं. एकाने जखम गॉजने घट्ट दाबून हात उंच धरायचा. दुसऱ्याने बोट शोधून सलाइनने ओलसर केलेल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळायचं, पिशवीत घालून पिशवी बंद करायची आणि ती बर्फ-पाणी घातलेल्या दुसऱ्या पिशवीत ठेवायची. बोट थेट बर्फावर ठेवलं तर पेशी गोठून मरतात, नुसत्या पाण्यात बुडवलं तर फुगतात. पिशवीवर वेळ लिहून ती जखमीबरोबरच पाठवायची. तुटलेलं बोट जोडणारे सर्जन कोणत्या रुग्णालयात आहेत, हे आजच फोन करून विचारा आणि नंबर भिंतीवर लावा. सगळ्यात जवळचं रुग्णालय आणि योग्य रुग्णालय एकच असेल असं नाही.

डोळे

आयवॉश, म्हणजे डोळे धुवायचा पाण्याचा फवारा, बसवलेला असतो, पण त्याच्यापुढे पॅलेट रचलेले असतात. एका कारखान्यात मी दांडा ओढला तर आधी हवा फुसफुसली, मग तपकिरी गंजाचं पाणी आलं. कोणी महिनोन्‌महिने तो सुरूच केला नव्हता. अमेरिकेतल्या मानकाप्रमाणे आयवॉश धोक्याच्या जागेपासून १० सेकंदांत गाठता आला पाहिजे, १५ मिनिटं सलग पाणी आलं पाहिजे, पाणी १६ ते ३८ अंश सेल्सियसच्या दरम्यान हवं आणि आठवड्यातून एकदा ते सुरू करून पाहायचं. मी याची तपासणी अशी करवते : आम्लाच्या टाकीपाशी काम करणाऱ्याने डोळे मिटायचे, आधाराला एकाने बाजूने चालायचं आणि आयवॉशपर्यंत जायचं. वाटेत काय आडवं येतं ते लगेच कळतं. डोळ्यात काही उडालं तर पापण्या बोटांनी उघड्या धरून पाणी जाऊ द्यायचं. १५ मिनिटं म्हणजे घड्याळातली १५ मिनिटं. तुमच्याकडे हायड्रोफ्लोरिक आम्ल असेल तर नुसतं पाणी पुरत नाही. त्वचेवर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल जागेवर हवंच.

भाजल्यावर थंड वाहतं पाणी २० मिनिटं. बर्फ, टूथपेस्ट, तेल काही नाही.

माणसं

प्रशिक्षणाला बहुतेक ठिकाणी सुपरवायझर आणि ऑफिसमधली मंडळी पाठवतात. त्यांना जरूर पाठवा, पण आधी जागा न सोडणाऱ्यांना पाठवा : यंत्रावरचा ऑपरेटर, त्याचा हेल्पर, गेटवरचा गार्ड, साफसफाईच्या ताई, कंत्राटदाराची माणसं. हिशोब कारखान्याचा करू नका, पाळीचा आणि मजल्याचा करा. प्रत्येक पाळीत, प्रत्येक मजल्यावर निदान दोघं हवेत, म्हणजे एक रजेवर गेला तरी एक उरतो. सर्टिफिकेटची मुदत दोन-तीन वर्षांची असली तरी हाताची सवय काही महिन्यांत जाते. म्हणून दर तीन-चार महिन्यांनी अर्धा तास पुतळ्यावर सराव घ्या.

हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबायची ती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, ३० दाबांमागे २ श्वास. वाचायला सोपं आहे. दोन मिनिटांत दंड भरून येतात, म्हणून माणूस बदलायचा सरावही लागतो. हृदय थरथरून बंद पडलेल्या माणसाला छाती न दाबता, शॉक न देता ठेवलं तर त्याची वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. हा शॉक देणारं यंत्र म्हणजे डिफिब्रिलेटर, तो परवडत असेल तर घ्या. तो काय करायचं ते बोलून सांगतो, नवखा माणूसही वापरू शकतो. फक्त तो साहेबांच्या केबिनमध्ये ठेवू नका. धावत जाऊन आणायला तीन मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर जागा चुकली.

आत उतरायचं नाही

हे मी प्रत्येक वर्गात सगळ्यात जास्त वेळ सांगते. टाकीत, चेंबरमध्ये, खड्ड्यात एक जण कोसळतो, त्याला काढायला मित्र उतरतो, मग तिसरा. कामाच्या जागेच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या एनआयओएसएच या संस्थेने १९८६मध्ये लिहिलं होतं की बंदिस्त जागांतल्या मृत्यूंमध्ये ६० टक्क्यांहून जास्त जण वाचवायला गेलेले असतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो खरा, पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणजे वायू गेला, असं माणसाला वाटतं. ऑक्सिजन कमी असेल तर वास, रंग काहीच नसतो.

उतरू नका, हे कामगाराला मालकाने आधीच सांगितलेलं असावं लागतं. समोर मित्र पडलेला असताना कोणालाही ते सुचत नाही. टाकीच्या तोंडाशी मोठ्या अक्षरांत लिहा : आत उतरू नका, ओरडा, या नंबरवर फोन करा. माणूस आत उतरवायचाच असेल तर आधी वायू तपासा, ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली नको. त्याला हार्नेस आणि दोर लावा, बाहेरून ओढायला तिकाटणं आणि जागेवरून न हलणारा माणूस ठेवा. विजेचा धक्का लागलेल्यालाही तसंच : आधी मेन स्विच बंद, मग हात. तो स्विच कुठे आहे, हे हेल्परलाही माहीत हवं.

गेट, सराव, नोंद

प्रत्येक फोनशेजारी नंबर आणि पूर्ण पत्ता छापून लावा, ओळखीच्या खुणेसकट. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या कंपनीचा प्लॉट नंबर आठवत नाही. गार्डने गेट उघडायचं, एकाने अँब्युलन्सपुढे चालायचं, एकाने लिफ्ट धरून ठेवायची. स्ट्रेचर वळणावरून आणि दारातून जातं का, ते खरं स्ट्रेचर नेऊन बघा. मग एकदा न सांगता, रात्री, सराव घ्या आणि घड्याळ लावा.

नोंद छोट्या जखमेचीही करा : वेळ, जागा, काय झालं, काय केलं. ‘इतके दिवस अपघात नाही’ असा फलक लावून त्यावर बक्षीस ठेवू नका. बक्षीस जाऊ नये म्हणून माणसं रक्ताळलेलं बोट खिशात लपवतात. एकाच यंत्रावर तीनदा चिकटपट्टी लागली असेल तर त्या यंत्राचं संरक्षक झाकण बदला.

जखमी कामगाराची आणि त्याच्याबरोबर रुग्णालयात गेलेल्याची हजेरी कापली जाणार नाही, हे लेखी द्या आणि सूचनाफलकावर लावा. कंत्राटी कामगारांनाही तेच. मोठ्या अपघातानंतर ज्यांनी छाती दाबली, रक्त थांबवलं, त्यांना त्या दिवशी पुन्हा यंत्रावर उभं करू नका. त्यांच्याशी बोला, घरी सोडायची व्यवस्था करा. पेटी मात्र त्याच दिवशी, पुढची पाळी सुरू व्हायच्या आधी, भरून सील करा.