गोव्याहून परतताना बॅग एअरपोर्टवर अडते ती का? या चुका टाळा

गोव्याला येताना सहसा कुणाची बॅग अडत नाही, कारण ती घरी दोन दिवस आधीपासून निवांत भरलेली असते. परतताना तीच बॅग चेकआउटच्या घाईत भरली जाते. अर्धे कपडे ओले, त्यात म्हापशाच्या बाजारातलं कोकमाचं आगळ आणि काजू, कुणीतरी प्रेमाने दिलेली फेणी, मुलांची पाण्याची बंदूक, सगळं जिथे जागा मिळेल तिथे कोंबायचं आणि टॅक्सीवाला खाली हॉर्न मारतोय. आम्ही पेडण्याकडे राहतो, त्यामुळे पाहुण्यांना मोपाच्या एअरपोर्टला सोडायला जाणं हे आमचं वर्षभराचं कामच झालंय, आणि दर वेळी बघतो तेच बघतो. लोक बंदीची वस्तू नेतात असं फार कमी वेळा होतं, वस्तू चालणारी असते पण चुकीच्या बॅगेत असते. काही गोष्टी विमानात सोबत न्यायच्या केबिन बॅगेत चालत नाहीत, काही उलट काउंटरवर द्यायच्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत आणि दोन-चार कुठेच चालत नाहीत. एवढं डोक्यात ठेवून बॅग भरली की अर्धं काम झालं.

आधी एअरपोर्ट कुठला ते बघा

हे सांगायला लागू नये पण लागतं. गोव्यात दोन एअरपोर्ट आहेत. दक्षिणेला वास्कोजवळ दाबोळी, त्याचा कोड जीओआय, आणि उत्तरेला पेडणे तालुक्यात मोपा, म्हणजे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, कोड जीओएक्स. मोपाहून ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उडायला लागली, तरी अजून जुन्या सवयीने 'गोवा एअरपोर्ट' एवढंच टॅक्सीवाल्याला सांगणारे भेटतात. येताना दाबोळीला उतरलात म्हणून जाताना पण दाबोळीच असेल असं नाही, विशेषतः दोन वेगळ्या एअरलाइनची तिकिटं काढली असतील तर. दक्षिण टोकाला पाळोळ्याला राहणाऱ्याने मोपाची फ्लाइट असेल तर रस्त्याचेच दोन-अडीच तास धरावेत, शिवाय ओला-उबर इथे नाही, तेव्हा टॅक्सी आदल्या रात्रीच सांगून ठेवा. डोमेस्टिकला बऱ्याच एअरलाइनचे बॅग घेण्याचे काउंटर सुटायच्या तासभर आधी बंद होतात. हे इथे सांगतोय कारण सिक्युरिटीला काही अडलं तर मागे फिरून ती वस्तू चेक-इनला टाकता येते, पण काउंटर उघडा असेल तरच.

पॉवर बँक चेक-इन बॅगेत

सगळ्यात कॉमन चूक हीच. बीचवर दिवसभर फोन चार्ज करून पॉवर बँक रात्री कपड्यांच्या बॅगेत पडते आणि सकाळी ती बॅग तशीच काउंटरवर जाते. लिथियमची बॅटरी गरम होऊन पेटली तर केबिनमध्ये निदान कुणाला तरी दिसते, खाली सामानाच्या पोटात पटकन कळणार नाही, म्हणून पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या फक्त केबिनमध्येच. ॲक्शन कॅमेऱ्याच्या त्या छोट्या एक्स्ट्रा बॅटऱ्या, ड्रोनच्या बॅटऱ्या, सगळ्या यातच आल्या, आणि त्या एकमेकांना किंवा नाण्यांना घासणार नाहीत अशा वेगळ्या पाउचमध्ये ठेवा.

साइजचं गणित सोपं आहे. १०० वॉट-अवरपर्यंत कुणाला विचारायला लागत नाही, १०० ते १६० ला एअरलाइनची परवानगी लागते, त्यावर नाहीच. पॉवर बँकवर एमएएच लिहिलेलं असतं, त्याला ३.७ ने गुणून हजाराने भागा. २०,००० ची पॉवर बँक म्हणजे ७४ वॉट-अवर, आरामात जाते. ३०,००० वाली १११ होते, परवानगी नसेल तर ती अडणार. आणि वरचं प्रिंट घासून गेलं असेल तर तुमचं गणित कितीही बरोबर असो, समोरच्याने कशावरून मानायचं?

चेक-इन बॅगेत सापडलीच तर तुम्हाला बोलावून बॅग उघडायला लावतात. तुम्ही तोवर गेटवर इडली खात बसलेले असता, फोन सायलेंटवर असतो आणि बॅग गोव्यातच राहते.

लायटर, माचीस, व्हेप

लायटर आणि काडेपेटी आपल्याकडे कुठल्याच बॅगेत चालत नाही, खिशातही नाही. परदेशात काही ठिकाणी एक लायटर खिशात चालतो म्हणून इथे वाद घालणारे असतात, उपयोग नाही. बीचवरच्या शॅकवरून उचललेला दहा रुपयांचा लायटर बॅगेच्या कुठल्यातरी कप्प्यात असतो आणि त्याच्यासाठी सगळी बॅग उपसली जाते. व्हेपचं तर काय बोलायचं, ई-सिगारेटवर २०१९ च्या कायद्याने देशभर बंदी आहे, बीचवर कुणी विकतंय म्हणजे ते कायदेशीर आहे असं काही नाही.

फेणी नेताय? बाटली बघा

काजूच्या फेणीला २००९ मध्ये जीआय टॅग, म्हणजे ती खास गोव्याचीच असल्याचा शिक्का, मिळाला, पण एक्सरे मशीनवर बसलेल्या माणसाला त्याचं काय. त्याच्यासाठी ती दारू आहे, आणि नियम असा की २४ ते ७० टक्के अल्कोहोल असलेली दारू माणशी ५ लिटरपर्यंत चेक-इन बॅगेत नेता येते, पण दुकानात मिळते तशा सीलबंद पॅकिंगमध्ये. बाजारातल्या फेणीवर साधारण ४२ टक्क्यांच्या आसपास लिहिलेलं असतं, म्हणजे ती यात बसते. अडते ती भट्टीवरची. ओळखीतल्या कुणीतरी पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत भरून दिलेली 'एकदम ओरिजिनल' फेणी कितीही ओरिजिनल असो, तिला ना लेबल ना सील. उर्राकचं, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या हलक्या दारूचं, तेच, ती उन्हाळ्यात मिळते आणि बहुतेक सील न लावता खुलीच मिळते, ती इथेच पिऊन जा, खरंच सांगतो.

केबिन बॅगेत बाहेरची बाटली नको. सिक्युरिटीनंतरच्या दुकानातून घेतलेली सीलबंद बाटली वेगळी गोष्ट. आणि विमानात चढली म्हणजे घरी नेता येते असं नाही, ज्या राज्यात उतरणार तिथला कायदा लागतो, गुजरातला जाणाऱ्यांनी तर विचारही करू नये. बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून, वर प्लास्टिक घालून बॅगेच्या मधोमध ठेवा, कडेला नको. फुटली तर सगळ्या कपड्यांना तो वास किती दिवस राहतो ते ज्यांनी फेणी प्यायली आहे त्यांना सांगायला नको.

नारळ आणि बाकीचा बाजार

नारळाचं लोकांना पटतच नाही. देवाचा प्रसाद आहे, यात काय आहे, असं आजीच्या वयाची बाई विचारते तेव्हा तिथल्या जवानालाही अवघडल्यासारखं होतं. पण केबिनमध्ये नारळ चालत नाही, इतकं की शबरीमलाच्या भाविकांसाठी २०२४ च्या हंगामात खास तात्पुरती सूट काढावी लागली होती. सुकं खोबरं तर चेक-इनलाही नको, त्यात तेल इतकं असतं की ते पेट घेणाऱ्या मालात धरतात. मंगेशीला नाहीतर शांतादुर्गेला जाऊन आलात तर नारळ इथेच फोडून खा, किंवा ज्यांच्याकडे उतरलात त्यांना द्या, ते त्याची सोलकढी करतील.

कोकमाचं आगळ, तेलातलं लोणचं, नारळाचं तेल, मध हे सगळं चेक-इनला टाका. मिरचीपूड आणि तिखट मसालेही तिकडेच, कारण डोळ्यात टाकता येणारी वस्तू म्हणून त्याकडे बघतात. काजू आणि बेबिंका, दोदोल ही इथली मिठाई केबिनमध्ये आरामात जाते, फक्त केबिन बॅग साधारण ७ किलोचीच असते हे विसरू नका, दोन-तीन किलो काजूतच संपतात. सुकी सुंगटं (कोळंबी) आणि खारे बांगडे न्यायचेच असतील तर हवाबंद पॅक करा आणि आधी एअरलाइनला विचारा, बाजूला बसणाऱ्याचाही थोडा विचार करा.

सनस्क्रीन, पाणी वगैरे

१०० मिलीचा नियम कडक आहे तो इंटरनॅशनल फ्लाइटला. प्रत्येक बाटली १०० मिलीच्या आत आणि सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक झिप पाउचमध्ये. २०० मिलीच्या ट्यूबमध्ये थोडंसंच उरलंय हे चालत नाही, बाटलीवरचा आकडा धरतात. देशातल्या फ्लाइटला पाण्याची बाटली सहसा जाते, पण मोठं सनस्क्रीन, शाम्पू, स्प्रे चेक-इनला टाकले की विषयच संपतो. लहान बाळाचं दूध आणि इन्सुलिनसारखी औषधं हातात ठेवा, प्रिस्क्रिप्शन सोबत ठेवा.

आखाताकडे जाणारी आपली बरीच माणसं आहेत, त्यांच्यासाठी एक आडवं सांगतो: घरच्या मसाल्यात खसखस असेल तर ती यूएईला नेऊ नका, तिथे ती ड्रग्जमध्ये मोजतात.

बीचवरून उचललेलं

साधे शिंपले कुणी विचारत नाही, पण प्रवाळाचे तुकडे, वाळवलेला समुद्री घोडा आणि काही मोठ्या शंखांच्या जाती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात. किनाऱ्यावरच्या विक्रेत्याकडून घेतलं होतं हे कारण तिथे चालत नाही. शंख कुठल्या जातीचा ते ओळखता येत नसेल तर फोटो काढा आणि ठेवून द्या.

डायव्हिंगची सुरी, स्विस नाइफ, कात्री चेक-इनला. मुलांची खेळण्यातली बंदूक केबिनमध्ये नको, मग ती कितीही गुलाबी असो.

ट्रेजवळची गर्दी

डिजीयात्रा वापरलं की गेटवर चेहरा दाखवून आत जाता येतं, पण अंगझडती आणि बॅगेचा एक्सरे चुकत नाही. लॅपटॉप, टॅब, पॉवर बँक, कॅमेरा वरच्या कप्प्यात ठेवा म्हणजे ट्रेमध्ये पटकन काढता येतील. ओले कपडे गोळा करून कोंबले की एक्सरेवर नुसता गठ्ठा दिसतो आणि बॅग बाजूला जाते. आदल्या संध्याकाळचं पोहणं जरा लवकर आवरलं तर कपडे सुकतात, आणि वजनही उतरतं. पट्टा, नाणी, गाडीची किल्ली रांगेतच बॅगेत टाका. 'बॉम्ब' हा शब्द मस्करीतही नको, तिथे तो कुणालाच विनोद वाटत नाही आणि फ्लाइट बाजूला राहून पोलिस चौकी बघायला लागते.

अडलंच तर

आवाज चढवू नका, तपासणी करणाऱ्या सीआयएसएफच्या (केंद्रीय सुरक्षा दलाच्या) जवानाने नियम बनवलेला नाही. त्याला सरळ विचारा की आता काय करता येईल. वेळ असेल तर काउंटरवर जाऊन ती वस्तू चेक-इनला टाकता येते. सोडायला आलेली माणसं अजून पार्किंगमध्ये असतील तर फोन करून थांबवा, म्हणूनच आम्ही पाहुण्यांचा 'आत गेलो' असा मेसेज येईपर्यंत गाडी काढत नाही. दोन्ही जमलं नाही तर वस्तू सोडून द्या, साडेतीनशेच्या आगळासाठी सहा हजारांचं तिकीट घालवू नका. आणि ट्रेमध्ये घड्याळ किंवा फोन राहिला असेल आणि विमान उतरल्यावर लक्षात आलं तर हताश होऊ नका, सापडलेल्या वस्तू सीआयएसएफ जमा करून ठेवतं आणि त्यांची यादी त्यांच्या वेबसाइटवर टाकतं, तिथे तारीख आणि एअरपोर्ट बघून शोधा. फक्त शोधताना दाबोळी की मोपा ते नीट निवडा.