सेंटिमीटर येतो कुठून: उपग्रहांवरून मोजणी शिकणाऱ्यांसाठी

माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांच्या हातात मी सुरुवातीला रोव्हर, म्हणजे हातात घेऊन फिरत बिंदू मोजायचा उपग्रह-रिसीव्हर, देत नाही. आधी वही, पेन्सिल आणि त्यांचा स्वतःचा फोन. यंत्राची बटणं अर्ध्या दिवसात येतात. पडद्यावर उमटलेला आकडा कशापासून मोजलाय आणि त्यावर किती भरवसा ठेवायचा, हे ठामपणे सांगता यायला मात्र बराच वेळ जातो, आणि खरं शिक्षण तेच आहे. म्हणून मी ज्या क्रमाने शिकवतो त्याच क्रमाने इथे लिहितोय.

पहिलं गणित घड्याळाचं. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. प्रकाश सेकंदाला २,९९,७९२.४५८ किलोमीटर जातो. भागाकार करा: थेट डोक्यावर असलेल्या उपग्रहाचा संदेश साधारण ६७ मिलिसेकंदांत पोहोचतो. आता उलटं बघा. वेळ मोजताना एका मायक्रोसेकंदाची चूक झाली तर अंतरात ३०० मीटरची चूक, एका नॅनोसेकंदाची झाली तर ३० सेंटिमीटरची. उपग्रहावर अणुघड्याळ असतं, तुमच्या रिसीव्हरमध्ये साधं क्वार्ट्झचं. ते एवढं अचूक असणं शक्यच नाही, म्हणून रिसीव्हर आपल्या घड्याळाची चूक हीच एक अज्ञात राशी धरतो. जागेचे तीन सहनिर्देशक आणि ही चौथी राशी, म्हणून किमान चार उपग्रह लागतात. तीन वर्तुळं एका बिंदूत छेदणारं चित्र सगळीकडे दिसतं. त्यात घड्याळाचा प्रश्न गाळलेला असतो, त्यामुळे त्यावर फार विसंबू नका. सापेक्षतेमुळे उपग्रहावरचं घड्याळ दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जाऊ पाहतं. याचं अंतर वहीत स्वतः काढा. अकरा किलोमीटरच्या पुढचं उत्तर येतं, आणि ही दुरुस्ती मुळातच व्यवस्थेत का घालावी लागली ते समजतं.

दुसरा अभ्यास फोनवर. उपग्रह दाखवणारं आणि जागेची नोंद ठेवणारं कुठलंही मोफत ॲप चालेल. मोकळ्या आकाशाखाली फोन एका जागी ठेवा आणि तासभर हलवू नका. नोंदी स्प्रेडशीटमध्ये घेऊन आलेख काढा. अक्षांशातला ०.००००१ अंश म्हणजे सुमारे १.१ मीटर. रेखांशाचं अंतर काढताना अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. ६० अंश अक्षांशावर ते निम्मंच भरतं. बिंदू मध्याभोवती सारखे विखुरलेले दिसतील अशी बहुतेकांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात ते हळूहळू एका दिशेला सरकतात, थबकतात, दुसरीकडे वळतात. पहिल्या दहा मिनिटांची सरासरी आणि शेवटच्या दहा मिनिटांची सरासरी वेगळी येते. कारण या चुका क्षणाक्षणाला बदलत नाहीत, बराच वेळ एकाच बाजूला ओढत राहतात. दोन मिनिटं थांबून सरासरी घेतली की आकडा सुधारला, ही समजूत या एका आलेखाने जाते. हा अभ्यास कुणीही टाळू नये असं मला मनापासून वाटतं.

मग प्रश्न येतो: ओढतंय कोण? आयनोस्फिअर हे सर्वांत मोठं कारण. वातावरणाच्या या वरच्या थरातले मुक्त इलेक्ट्रॉन उपग्रहाच्या कोडला, म्हणजे वेळ मोजण्यासाठी पाठवलेल्या ठरावीक खुणांच्या मालिकेला, उशीर लावतात, आणि हा उशीर फ्रीक्वेन्सीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. जीपीएसच्या दोन फ्रीक्वेन्सी घ्या: एल१ म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्झ आणि एल२ म्हणजे १२२७.६० मेगाहर्ट्झ, एल२ वरचा उशीर एल१ च्या सुमारे १.६५ पट भरतो. दोन्ही ऐकणारा रिसीव्हर या फरकावरून उशीर काढून टाकू शकतो. मोजणीची यंत्रं किमान दोन फ्रीक्वेन्सींची असण्याचं हे एक मोठं कारण. खालच्या हवेचा, म्हणजे ट्रोपोस्फिअरचा उशीर मात्र सगळ्या फ्रीक्वेन्सींना सारखाच. समुद्रसपाटीवर सरळ वर बघितलं तरी कोरड्या हवेचा वाटा सुमारे २.३ मीटर असतो आणि क्षितिजाकडे तो झपाट्याने वाढतो. म्हणूनच क्षितिजापासून १० ते १५ अंशांखालचे उपग्रह सोडून देतात. मल्टीपाथ, म्हणजे भिंतीवरून, पत्र्यावरून, उभ्या गाडीवरून परावर्तित होऊन आलेला संदेश, कुठलंही सूत्र पूर्ण काढू शकत नाही. त्याला उपाय जागा निवडण्याचाच.

डीओपीबद्दल, म्हणजे उपग्रहांच्या मांडणीमुळे चूक किती पटीने वाढते त्या आकड्याबद्दल, थोडक्यात. उपग्रह आकाशाच्या एकाच कोपऱ्यात गोळा झाले की अंतरातली लहान चूक जागेत मोठी होऊन उतरते. पीडीओपी, म्हणजे आडवी जागा आणि उंची मिळून धरलेला डीओपी, २ च्या आसपास असेल तर छान, ६ च्या वर गेला तर थांबा. जीपीएसबरोबर ग्लोनास, गॅलिलिओ, बायडू या इतर उपग्रह-व्यवस्थाही चालू ठेवल्या तर मोकळ्या जागी ही चिंता सहसा उरत नाही.

आता मूळ प्रश्न: सेंटिमीटर येतो कुठून? जीपीएसच्या नागरी कोडचा एक तुकडा, म्हणजे चिप, सुमारे २९३ मीटर लांबीचा असतो. ढोबळ नियम असा की त्याच्या एक टक्क्यापर्यंत मोजता येतं, म्हणजे तीन मीटर. पण ज्या लहरीवर हा कोड चढवलेला असतो तिची लांबी आहे १९ सेंटिमीटर, आणि तिचा एक टक्का म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटर. मोजणीचं यंत्र ही लहर मोजतं. अडचण अशी की लहरीचा अपूर्णांक स्वच्छ वाचता येतो, पण उपग्रहापासून इथपर्यंत पूर्ण लहरी किती बसल्या ते माहीत नसतं. टेपवरचे मिलिमीटर ठळक दिसावेत आणि मीटरचे आकडे पुसले गेलेले असावेत, तशी ही अवस्था. पूर्ण लहरींची ती संख्या शोधणं म्हणजे ॲम्बिग्युइटी सोडवणं. संख्या अजून दशांशात असेल तर यंत्र ‘फ्लोट’ दाखवतं, पूर्णांकावर बसली की ‘फिक्स’. झाडाखाली संदेश क्षणभर तुटला की मोजणी तुटते. त्याला सायकल स्लिप म्हणतात, आणि संख्या पुन्हा शोधावी लागते.

आरटीके (रिअल-टाइम किनेमॅटिक) म्हणजे हेच काम दोन रिसीव्हरनी, जागच्या जागी. बेस, म्हणजे स्थिर रिसीव्हर, ज्ञात बिंदूवर, रोव्हर तुमच्या हातात. दोघांच्याही वरची हवा आणि उपग्रह जवळपास तेच, म्हणून बऱ्याच चुका वजाबाकीत निघून जातात. अंतर वाढलं की हवा वेगळी होते आणि वजाबाकी अपुरी पडते. यंत्राच्या माहितीपत्रकात ‘८ मिमी + १ पीपीएम’ असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ हाच. पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग: १० किलोमीटरवर आणखी १० मिलिमीटर.

‘फिक्स’ या शब्दाबद्दल मला आग्रहाने सांगायचंय. फिक्स म्हणजे यंत्राला पूर्णांक सापडले असं वाटतंय. चुकीचे पूर्णांकही सापडू शकतात, विशेषतः झाडी आणि इमारतींजवळ, आणि तेव्हा पडद्यावर एका सेंटिमीटरचा दावा असतो तर प्रत्यक्ष चूक काही डेसिमीटरची. तपासायची पद्धत सोपी आहे. महत्त्वाचा बिंदू घ्या, मेनूतून फिक्स तोडा, नव्याने फिक्स घेऊन तोच बिंदू पुन्हा घ्या. मग काही तासांनी परत या. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला जाणं हा मात्र कमजोर पडताळा आहे: जीपीएसचे उपग्रह रोज सुमारे चार मिनिटं आधी त्याच मांडणीत येतात, त्यामुळे तोच मल्टीपाथ तीच चूक पुन्हा दाखवतो आणि दोन्ही आकडे सुखाने जुळतात. वेळ बदला.

हातातल्या कामाचाही हिशोब ठेवा. रोव्हरचा दोन मीटरचा पोल एक अंश कलला तर टोक साडेतीन सेंटिमीटर सरकतं; पोलच्या टोकाची दुरुस्ती करणारा टिल्ट सेन्सर नसेल, तर आरटीकेची सगळी अचूकता तिथेच संपते. ट्रायपॉडवर अँटेनाची उंची तिरकी मोजली की सरळ, आणि अँटेनाच्या कुठल्या खुणेपर्यंत, हे फील्डबुकात शब्दांत लिहा. फक्त ‘१.८००’ लिहिलेलं दोन महिन्यांनी कुणालाच उलगडत नाही.

आता सर्वांत दुर्लक्षित भाग: आकडा कशापासून मोजलाय. बेसचे सहनिर्देशक रोव्हरच्या प्रत्येक बिंदूत जसेच्या तसे उतरतात. बेस ज्ञात सहनिर्देशक न देता ‘आहे तिथे’ म्हणून, त्याने स्वतः काढलेल्या ढोबळ जागेवर, चालू केला तर सगळे बिंदू एकमेकांशी सेंटिमीटरने जुळतील आणि सगळे मिळून दोन-तीन मीटर बाजूला असतील. काम बघताना काहीच चुकलेलं दिसणार नाही. म्हणून दिवसाची सुरुवात आणि शेवट दुसऱ्या एखाद्या ज्ञात बिंदूवर करायचा. डेटमबरोबर, म्हणजे सहनिर्देशक ज्या मूळ चौकटीत मोजले तिच्या नावाबरोबर, तारीखही लिहायची, कारण जमीन सरकते. ऑस्ट्रेलिया वर्षाला सुमारे ७ सेंटिमीटर सरकतो. म्हणून तिथे जीडीए९४ या जुन्या डेटमवरून जीडीए२०२० या नव्या डेटमवर जाताना सहनिर्देशक सुमारे १.८ मीटरने बदलले.

उंचीकडे तर वेगळं लक्ष हवं. एक तर उपग्रह फक्त वरच असतात, पायाखालचे पृथ्वी झाकते, त्यामुळे उंची आडव्या जागेपेक्षा दीडपट-दुप्पट कच्ची येते. दुसरं, यंत्र मोजतं ती एलिप्सॉइडपासूनची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती गुळगुळीत आकारापासूनची उंची. पाणी मात्र जिऑइडच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाने ठरणाऱ्या सरासरी समुद्रपातळीच्या पृष्ठभागाच्या, हिशोबाने वाहतं. या दोन पृष्ठभागांतलं अंतर जगभरात सुमारे उणे १०६ मीटरपासून अधिक ८५ मीटरपर्यंत बदलतं; श्रीलंकेच्या दक्षिणेच्या समुद्रावर ते सर्वांत खोल आहे. सूत्र एवढंच: एलिप्सॉइडपासूनच्या उंचीतून जिऑइडची उंची चिन्हासकट वजा करा. ईजीएम२००८ सारखं जिऑइडचं मॉडेल वापरलं तर त्याचं नाव अहवालात लिहा, आणि कालवा किंवा गटार यांसारख्या कामाला जवळच्या लेव्हलिंग बेंचमार्कशी, म्हणजे उंची आधीच नेमकी मोजलेल्या खुणेशी, ताडून बघितल्याशिवाय ती उंची कुणाला देऊ नका.

नकाशावरचं अंतर आणि जमिनीवरचं अंतर यांचंही तसंच. यूटीएम या नकाशा-प्रक्षेपणाच्या मध्य रेखावृत्तावर प्रमाण ०.९९९६ असतं, म्हणजे एका किलोमीटरमागे ४० सेंटिमीटर कमी. जागा ६०० मीटर उंचीवर असेल तर आणखी नऊ-साडेनऊ सेंटिमीटर. टोटल स्टेशनने, म्हणजे जमिनीवरून कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने, मोजलेलं अंतर जुळत नाही म्हणून यंत्राला दोष देण्याआधी हा गुणाकार करून बघा.

एवढं पचलं की यंत्राशिवायही पुढे जाता येतं. आंतरराष्ट्रीय जीएनएसएस सेवेच्या, म्हणजे आयजीएसच्या, कायमस्वरूपी केंद्रांचा डेटा रायनेक्स या सर्वमान्य स्वरूपातल्या फाइलींत मोफत मिळतो आणि त्यावरून जागा काढणारं आरटीकेलिब हे सॉफ्टवेअरही मोफत आहे. १५-२० किलोमीटर अंतरावरची दोन केंद्रं निवडा. एक बेस धरा, दुसऱ्याची जागा काढा. खरं उत्तर प्रसिद्ध असल्याने तुमची चूक नेमकी कळते. आधी पूर्ण दिवसाचा डेटा घ्या, मग दोन तासांचा, मग पंधरा मिनिटांचा. नंतर एल२ बंद करून तेच परत करा, खालचे उपग्रह सोडण्याची कोन-मर्यादा ५ अंशांवर आणून बघा, दुपारचा तास आणि पहाटेचा तास वेगळा काढा. प्रत्येक वेळी आडवी चूक, उंचीतली चूक आणि फिक्सची टक्केवारी एका तक्त्यात लिहीत जा. तो तक्ता घेऊन जो येतो त्याला मी रोव्हर देतो.