नागपूरहून उडताना खिडकी कोणती घ्यावी?

नुसती खिडकी मिळून भागत नाही. डावी की उजवी, हे तिकीट काढतानाच ठरवावं. त्यासाठी आधी नकाशा उघडून नागपूरपासून मुक्कामाच्या शहरापर्यंत सरळ रेघ ओढायची आणि दोन्ही बाजूंना काय काय येतं ते पाहून ठेवायचं. विमान नेमकं त्याच रेघेवरून जाईल असं नाही, पण अंदाज बांधायला ती पुरते.

लोणारचंच बघा. मुंबईच्या रेघेपासून सरोवर दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर पडतं, म्हणजे डाव्या खिडकीत. पुण्याची रेघ ओढली तर तेच सरोवर उत्तरेला, म्हणजे उजव्या खिडकीत येतं, आणि बरंच जवळ. उल्कापातानं झालेल्या त्या विवराचा गोल आकार खरा कळतो तो वरूनच. म्हणून पुण्याला जाणाऱ्यानं उजवीच खिडकी घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. निम्मं अंतर कापलं की खाली नजर लावून बसायचं.

मुंबईच्या बाबतीत मात्र निवड अवघड. उजवीकडे कळसूबाईचा परिसर येतो, आणि विमान पूर्वेकडून उतरलं (बहुतेक वेळा तसंच उतरतं) तर त्याच बाजूला पवई आणि विहार तलाव दिसतात. शिवाय हिवाळ्यात पश्चिमेकडे जाताना ऊन दिवसभर डाव्या खिडकीवर असतं, काचेचा प्रत्येक ओरखडा चमकतो. तरीही लोणार पाहिलं नसेल तर डावी घ्या.

उन्हाचा हिशेब प्रत्येक प्रवासाला करायचा. दिल्लीकडे जाताना सकाळी डावी बाजू सावलीत, संध्याकाळी उजवी. बंगळूरूला नेमकं उलट. दिल्लीहून पुढे उत्तर बंगालमधल्या बागडोगऱ्याला जाणार असाल तर हिमालय डावीकडे आणि परतताना उजवीकडे. तिथे उन्हाचा विचारही करू नका, ८,५८६ मीटरचं कांचनजंगा दिसण्याची शक्यता सोडायची नाही. लेहला जाताना नून-कूनची शिखरं डावीकडे येतात.

मग रांग. तीन-तीन आसनांच्या विमानात तोंड पुढे करून बसल्यावर ए डावीकडे, एफ उजवीकडे. आपत्कालीन दरवाज्याच्या रांगा पंखावरच येतात, तिथे पाय पसरायला जागा मिळते पण जमीन दिसत नाही. पंखाच्या मागे लगेच बसलं तर इंजिनाच्या गरम हवेनं दृश्य थरथरतं, त्यामुळे पुढच्या रांगा उत्तम. एटीआर या लहान विमानाचा पंख खिडकीच्या वर असतो, तिथे रांगेची फारशी चिंता नाही. बोइंग ७३७ मध्ये पंखाजवळच्या एखाद्या रांगेत खिडकीऐवजी कोरी भिंतच येऊ शकते, म्हणून आसनांचा नकाशा बघूनच पैसे भरा. सोबत गुडघेदुखीचे आजी-आजोबा असतील तर त्यांना वाटेकडची जागा द्या. त्यांनाही उठणं सोपं आणि तुम्हालाही खिडकी.

सोनेगावहून, म्हणजे नागपूरच्या विमानतळावरून, विमान वायव्येकडे उडालं तर अंबाझरी, फुटाळा आणि गोरेवाडा हे तलाव उजवीकडे दिसतात. आग्नेयेकडे उडालं तर शहर डावीकडे मागे राहतं. हे वाऱ्यावर ठरतं, त्यावरून आसन निवडू नका.

तारीख हातात असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर बघा: पाऊस सरलेला, हवा धुतलेली, तलाव भरलेले. मे महिन्यात धुरकट थरापलीकडे फारसं काही दिसत नाही.

घरून निघण्यापूर्वी नकाशा फोनमध्ये उतरवून लोणारवर खूण करून ठेवा. फ्लाइट मोडमध्येही खिडकीजवळ जीपीएस चालतं. पोलराइज्ड गॉगल नको, त्यातून खिडकीवर इंद्रधनुषी पट्टे दिसतात. गडद रंगाचा दुपट्टा जवळ असू द्या, फोनभोवती धरला की काचेतलं प्रतिबिंब जातं. पुणे आणि लेह हे हवाई दलाचे तळ आहेत, तिथे चढता-उतरताना फोन खिशात ठेवायचा आणि पडदा खाली घ्यायला सांगितला तर लगेच घ्यायचा.