भारतात आपलं गाव कधी आलं? मराठवाड्यातल्या शाळांसाठी एक उपक्रम

सतरा सप्टेंबरला आमच्याकडे झेंडावंदन होतं, मुलं पाठ केलेली भाषणं म्हणतात आणि खाऊ घेऊन घरी जातात. आठवीच्या वर्गात विचारून बघा: १५ ऑगस्ट १९४७ ला आपलं गाव कुठल्या देशात होतं? बहुतेक हात भारताच्या बाजूने वर जातात. प्रत्यक्षात औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाचही जिल्हे तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. ते भारतात आले १७ सप्टेंबर १९४८ ला, म्हणजे तेरा महिन्यांनी. त्या तेरा महिन्यांत आणि नंतरच्या दहा-बारा वर्षांत आपली माणसं भारतीय कशी होत गेली, हे आपल्याच गावात विचारून कळू शकतं. मी नांदेड जिल्ह्यात माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. हा उपक्रम आम्ही कसा करतो ते इतर शिक्षकांसाठी लिहितोय.

सर्वांत आधी घाई करा. त्या वेळी दहा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदीला टेकलंय. मुलांना आपापल्या गल्लीतली अशी माणसं शोधायला सांगा आणि दिवाळीची सुट्टी वाया घालवू नका. अशी माणसं उरली नसतील तर त्यांच्या मुलांकडे, सुनांकडे जा. ऐकीव आठवण असेल तर वहीत तशी स्पष्ट नोंद करा: 'आईकडून ऐकलेलं'.

मग प्रश्न. सगळा उपक्रम इथेच तरतो किंवा बुडतो. 'तुम्हाला आपण भारतीय आहोत असं कधी वाटलं?' हा प्रश्न अजिबात विचारू नका. समोरचं माणूस संकोचतं आणि टीव्हीवर ऐकलेलं बोलून मोकळं होतं. हाताला लागणाऱ्या, डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी विचारा. आमच्या एका विद्यार्थिनीने तिच्या पणजीला विचारलं, "आज्जे, बाजारात पैसा कुठला चालायचा?"

"हाली. चारमिनारचा."

"मग आत्ताचा रुपया कधी आला?"

"आला की नंतर. सात हाली दिले की सहा कलदार. माय दुकानात दोन-दोनदा मोजून घ्यायची, तिला वाटायचं वाणी फसवतोय."

वाणी फसवत नव्हता. १९५० पासून भारतीय रुपया हैदराबादच्या हाली सिक्क्यासोबत चालू लागला, तो सात हालीला सहा या दराने. १९५१ मध्ये हालीची छपाई थांबली, पण तो पूर्ण बंद व्हायला १९५९ उजाडलं. म्हणजे सैन्य येऊन गेल्यावरही अनेक वर्षं आजीबाईंच्या कनवटीला दोन राज्यांचे पैसे होते. मुलीने हे वर्गात सांगितलं तेव्हा राष्ट्र एका दिवसात घडत नाही, हे मला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

असेच आणखी प्रश्न काढा. गावात तिरंगा पहिल्यांदा कुणी आणला, तो कुठे लपवला होता? शाळेत मास्तर कुठल्या भाषेत शिकवायचे? रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र संघटनेच्या, भीतीने कुठे पळून गेलात? आमच्या भागातल्या कितीतरी घरांत याचं उत्तर एकच येतं: पैनगंगेपलीकडे, वऱ्हाडात. नदीच्या अलीकडे निजामाचं राज्य आणि पलीकडे स्वतंत्र भारत. पलीकडच्या उमरखेडला हैदराबादच्या लढ्यातल्या कार्यकर्त्यांचा कॅम्प होता. मुलांना नकाशा द्या आणि आजोबा गाव सोडून कुठल्या वाटेने गेले, ती रेघ पेन्सिलने ओढायला लावा. आज जी नदी ती एसटीने सहज ओलांडतात, ती तेव्हा देशाची सरहद्द होती. धाराशिवकडच्या शिक्षकांना हेच काम सोलापूरच्या बाजूने करता येईल. १३ सप्टेंबरला भारतीय फौज सोलापूरहून आत शिरली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग तिच्या ताब्यात आलं.

बायकांना वेगळं बसवून विचारा. पुरुष बोलत असले की त्या मध्ये पडत नाहीत. भाकरी कोणासाठी बांधून दिल्या, निरोप कसे पोचवले, दागिने कुठे पुरले, हे त्यांनाच ठाऊक असतं. मतदानाचंही त्यांनाच विचारा. १९५१-५२ च्या निवडणुकीत गावातल्या प्रत्येक प्रौढ बाईला पहिल्यांदा मत मिळालं.

पुढचं काम कागदांचं. कुणबी नोंदींच्या शोधामुळे अलीकडे घरोघरी जुन्या पेट्या उघडल्या गेल्यात, त्याचा फायदा घ्या. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, जमिनीचा खासरा, वसुलीच्या पावत्या, जे मिळेल ते बघा. मूळ कागद मुलांच्या हाती देऊ नका, मोबाइलवर फोटो काढा. त्यावरचं साल १३५७ असं काही दिसलं तर गोंधळू नका. ते फसली साल आहे, निजामाच्या महसुली कागदांवरची कालगणना. त्यात ५९० किंवा ५९१ मिळवा, इसवी सन निघतं. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. मजकूर उर्दूत असेल तर जवळच्या उर्दू शाळेतल्या शिक्षकांना बोलवा. त्यांना मुलांसमोर वाचायला लावा. आपल्या पणजोबांचं नाव एका मुस्लिम गुरुजींच्या तोंडून वाचलं जाताना मुलं ज्या एकाग्रतेने ऐकतात, ती मला कुठल्याच तासाला मिळालेली नाही.

आता सर्वांत नाजूक भाग, आणि तो टाळू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. हा उपक्रम एकाच गल्लीत केलात तर अर्धाच इतिहास हाती येईल. रझाकारांनी गावं जाळली, माणसं मारली, हे खरं आहे आणि ते पूर्ण नोंदवलं पाहिजे. पोलीस अ‍ॅक्शनच्या, म्हणजे सप्टेंबर १९४८ च्या त्या लष्करी कारवाईच्या, वेळी आणि नंतर मुस्लिम वस्त्यांवर जे सूड उगवले गेले, तेही खरं आहे. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने किमान २७ ते ४० हजार माणसं मेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही. रझाकारांविरुद्ध लिहिणारे हैदराबादचे संपादक शोएबउल्ला खान यांचा खून ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनीच केला, हेही मुलांना सांगा. धर्मावरून बाजू ठरवण्याची सवय मोडायला हे एक नाव फार उपयोगी पडतं.

मुस्लिम घरी पहिल्या खेपेला मुलांना पाठवू नका. आपण स्वतः जा, चहा घ्या, कशासाठी आलोय ते सरळ सांगा. चाचांना रझाकारांबद्दल पहिलाच प्रश्न विचारणं म्हणजे त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं. त्यांनाही शाळा, बाजार, पैसा हेच विचारा. ते नको म्हणाले तर उठून या. बौद्ध वस्तीत विचारा की राज्य बदलल्यावर पाणवठा बदलला का, वेठ थांबली का, आणि थांबली असेल तर कधी. त्या घरांतून येणारी तारीख १७ सप्टेंबर असेलच असं नाही.

१९५६ साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० ला महाराष्ट्र झाला. त्याबद्दल दोन प्रश्न पुरेत. तालुक्याच्या कचेरीतले कागद मराठीत कधी आले, हा त्यातला एक ठेवा.

जमलेलं सगळं भिंतीवर लावताना मुलांना एक सलग गोष्ट लिहायला लावू नका. प्रत्येक घराचं वेगळं पान असू द्या. दोन पानं एकमेकांच्या विरुद्ध बोलत असतील तर ती शेजारी शेजारी लावा आणि कुठलं खरं हे ठरवायची घाई करू नका. 'असं का झालं असेल?' यावर एक तास नक्की ठेवा.

पान भिंतीवर जाण्याआधी ज्यांचं आहे त्यांना घरी जाऊन वाचून दाखवा. त्यांनी खोडायला सांगितलेली ओळ खोडा. नाव नको असेल तर नुसतं 'वय ८९, माळी गल्ली' एवढंच लिहा. एक प्रत त्यांच्या घरी द्या आणि एक शाळेच्या कपाटात ठेवा. पुढच्या वर्षीच्या आठवीला ती पहिल्याच दिवशी वाचायला द्या, म्हणजे राहिलेली घरं कोणती ते त्यांना कळेल.