लडाखला गाडीने निघताय? अंथरुणाच्या बाबतीत या चुका टाळा

मे महिना लागला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "दादा, जूनएंडला गाडीने लडाखला निघालोय, मायनस वीसची स्लीपिंग बॅग कुठली घेऊ?" गाडी कुठली, माणसं किती, मुक्काम कुठे यातलं काहीच ठरलेलं नसतं, मायनस वीस तेवढं पक्कं असतं. मग मी विचारतो, बाबा रे, खाली काय घालणारेस? तर म्हणतो, खाली कशाला, बॅग आहे ना.

आधी नकाशा काढून बसा. पुण्याहून मनालीमार्गे लेह अडीच हजार किलोमीटरच्या आसपास आहे. वाटेतले पहिले मुक्काम उदयपूर, जयपूर, चंदीगड असे कुठेतरी पडतात, तिथे जूनमध्ये रात्री एसीशिवाय डोळा लागत नाही. लेहमध्ये गेस्टहाऊस मिळतं, नुब्रा-पँगाँगला होमस्टे आणि टेंट कॅम्प आहेत, सगळीकडे जाडजूड रजया देतात. मनाली-लेह रस्त्यावर भरतपूर, सरचू, पांगला पॅराशूटच्या कापडाचे ढाबे असतात, तिथेसुद्धा पलंग आणि रजई मिळते. म्हणजे स्वतःच्या अंथरुणावर झोपायची वेळ येणार किती रात्री, तर बोटावर मोजण्याइतक्या, आणि त्याही बऱ्याचदा ठरवून नाही, अडकलो म्हणून. एवढ्यासाठी अर्धी डिकी भरून टाकायची आणि मग पाण्याचा कॅन मांडीवर घेऊन बसायचं, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता बोलायचाही कंटाळा आलाय.

बॅगेवरचा आकडा

चांगल्या बॅगेवर एक नाही, तीन आकडे असतात. कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. यात कम्फर्ट म्हणजे आरामात झोपता येईल ते तापमान. लिमिट म्हणजे अंगाचं मुटकुळं करून रात्र निघेल ते. एक्स्ट्रीम म्हणजे जीव वाचेल एवढंच, झोपेचा विषयच सोडा. स्वस्तातल्या बॅगांवर एकच आकडा मोठ्ठा छापलेला असतो आणि तो जवळजवळ नेहमी एक्स्ट्रीमचा, किंवा मग कुणाच्या तरी मनातला. कम्फर्टचा आकडा लिहिलेलाच नसेल तर ती बॅग मी हातातसुद्धा घेत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये सरचू-पांगला रात्री पारा शून्याच्या आसपास येतो, कम्फर्ट शून्य ते मायनस पाचची बॅग आणि आत लायनर, म्हणजे बॅगेत घालायचं पातळ अस्तर, असलं की झालं. सप्टेंबर अखेरीस जाणार असाल तर गोष्ट वेगळी.

बॅगेत डाऊन म्हणजे पक्ष्यांची मऊ पिसं हवीत की सिंथेटिक धागा, यावर लोक तासन्‌तास भांडतात. डाऊन हलकी असते, दाबली की लहान होते, पण ओली झाली की पिसांचा गोळा होतो आणि ऊब संपली. सिंथेटिक जाड असते, पण ओली झाली तरी थोडीफार साथ देते. मी सिंथेटिक वापरतो, कारण गाडीत ओल येतेच, त्याबद्दल खाली सांगतो. आणि कुठलीही असो, घरी ती दाबलेल्या पिशवीत वर्षभर ठेवू नका, कपाटात मोकळी ठेवा.

हवेची गादी

ही माझी खास नावडती चूक आहे. मागच्या सीटवर पसरायची ती फुगवायची गादी, सोबत लायटरच्या सॉकेटला लावायचा पंप. फोटोत फारच भारी दिसते.

एकदा आमच्याबरोबर दुसऱ्या गाडीत मित्राचा मेव्हणा होता, त्याने अशी गादी आणलेली. मनाली-लेह रस्त्यावरच्या जिस्पा गावात कॅम्पसाईटवर तो गाडीत झोपला आणि सकाळी म्हणाला मस्त झोप लागली, आता जिस्पा ३२०० मीटरवर, जुलै महिना, तिथे लागणारच. निघताना आम्ही म्हटलं हवा काढ, तर म्हणे पंपाचा आवाज नको सकाळी सकाळी, राहू दे, वर सामान टाकू, रात्री परत फुगवायला नको. पुढे बारलाच्या खिंडीचा घाट चढताना मागून करकर आवाज यायला लागला. वर चिप्सची पाकिटं फुगून टुम्म होतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यांचे तर फोटोही काढतात, पण तेच गादीचं होईल हे डोक्यात येत नाही. जिस्पाची हवा आत कोंडलेली, बारलाच्या जवळपास ४९०० मीटरवर, बाहेरचा दाब बराच कमी, त्यात काचेतून ऊन आणि वर दोन सॅका. खिंडीच्या अलीकडेच शिवणीतून फाटली, असा आवाज झाला की पुढे ड्रायव्हिंग करणाऱ्याला टायर गेला वाटलं, भर चढावर गाडी थांबवून चारही टायर बघून झाले.

इथपर्यंत हसण्यावारी होतं. पण त्या दिवशी एका नाल्याला दुपारनंतर पाणी चढलं, वरचा बर्फ उन्हाने वितळतो त्यामुळे ते रोजच चढतं, ट्रकांची रांग लागली, आणि थेट लेह गाठायचा बेत फसून सरचूला थांबावं लागलं. ढाबे भरलेले. आम्ही कॅरीमॅट, म्हणजे गुंडाळायच्या फोमच्या चटया, टाकून टेंटमध्ये झोपलो, हा पठ्ठ्या मायनस वीसवाली बॅग घेऊन गाडीच्या दुमडलेल्या सीटवर. रात्री दोनला टेंटबाहेर हाका. बॅगेत शिरूनही पाठ बर्फासारखी गार.

कारण साधंय. बॅगेची ऊब तिच्या फुगीरपणात असते, आणि अंगाखाली ती आपल्याच वजनाने चपटी होते, म्हणून खालची थंडी अडवायचं काम चटईनेच करायचं असतं. आणि साधी हवेची गादी न फाटताही हे काम करत नाही, आतली हवा फिरत राहते आणि अंगाची ऊब खाली नेते. थंडी किती अडवली जाते ते आर-व्हॅल्यूने मोजतात. आत काही न भरलेल्या हवेच्या गादीची आर-व्हॅल्यू एकच्या आसपास, चांगल्या फोमच्या मॅटची दोनच्या आसपास. दोन मॅट एकावर एक टाकल्या की आर-व्हॅल्यूची बेरीज होते. सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्या प्रत्येकाच्या घरी माळ्यावर कॅरीमॅट पडलेली असते, तीच घ्या, शेजाऱ्याची आणखी एक मागून आणा. फुटत नाही, पंप लागत नाही, जेवताना बसायला होते, टायर बदलताना गुडघ्याखाली जाते. मेव्हण्याला त्या रात्री आम्ही एक मॅट आणि आजीची जुनी घोंगडी खाली घालायला दिली, अंगावर तीच बॅग, तेव्हा कुठे झोपला.

फुगवायचीच हौस असेल तर आत इन्सुलेशन असलेली ट्रेकिंगची मॅट घ्या, महाग पडते, आणि सकाळी हवा काढा.

पहिल्याच रात्री सरचू

२०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून मनालीहून एका दिवसात सरचू गाठणं सोपं झालंय, आणि म्हणूनच लोक ते करतात. मनाली २००० मीटर, सरचू ४३०० मीटर. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असं डॉक्टर सांगतात आणि इथे तुम्ही एका दिवसात तेवीसशे चढताय. मग उंचीच्या त्रासाने रात्री डोकं ठणकतं, उलट्या होतात, आणि दोष बॅगेला. जिस्पा किंवा केलाँगला झोपा, पहाटे निघा, खिंडी दिवसा ओलांडा आणि ३५०० मीटरवर लेहला उतरा. नाल्याने अडकलात तर इलाज नाही, पण ठरवून तिथे मुक्काम टाकू नका. आणि त्रास वाढायला लागला तर सकाळची वाट बघू नका, खाली उतरा.

काचा बंद, हीटर चालू

इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही. गाडीत शेगडी, स्टोव्ह, कोळसा काहीही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, झोपेतून उठवणारं काही नसतं. यावर चर्चा नको.

काचा दोन बोटं उघड्या ठेवा, दोन्ही बाजूंच्या. थंडी वाजेल म्हणून सगळं बंद करतात आणि सकाळी छतावरून थेंब, बॅग ओली, मग परत फोन की बॅग गळते. बॅग गळत नाही, तो तुमचाच श्वास आहे. सकाळी पंधरा मिनिटं बोनेटवर उन्हात टाकून मगच गुंडाळा.

बाकीचं पटापट. जीन्स घालून झोपू नका. दिवसभर घातलेले मोजे तर नकोच, झोपायचे कोरडे लोकरी मोजे वेगळे ठेवा. वाटेत चंद्रताल हे तळं करून जाणार असाल तर तळ्याच्या काठावर टेंट लावायला बंदी आहे, कॅम्प अलीकडेच आहेत. टेंटच्या खिळ्यांवर वाळूत भरवसा नको, दुपारी वारा सुटतो, दोऱ्या दगडांना बांधा. रूफटॉप टेंट पन्नास-साठ किलोचे असतात, हॅचबॅकच्या टपावर चालत्या गाडीत किती वजन चालतं ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, वाचा आणि विषय सोडून द्या.

गाडीत झोपायला हलकं सामान म्हणजे किलो कमी असं बहुतेकांना वाटतं. गाडीला दोन किलोने काय फरक पडतोय? फरक पडतो तो जागेने, आणि रात्री नऊ वाजता, अंधारात, वाऱ्यात, डोकं जड झालेलं असताना ते किती वेळात बाहेर निघतं त्याने. माझं सगळं एका डफलमध्ये असतं, बॅग, लायनर, मोजे, कानटोपी, हेडटॉर्च, आणि ती डफल डिकीत सगळ्यात शेवटी जाते म्हणजे सगळ्यात आधी निघते. मॅट बाजूला उभ्या खोचलेल्या. उशी मी नेत नाही, जॅकेट लायनरच्या पिशवीत कोंबतो.

आणि निघायच्या आधी एक रात्र सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत झोपून बघा. मागची सीट दुमडल्यावर मध्ये उंचवटा येतो का, पाय सरळ होतात का, पुढची सीट किती सरकते, खाली पडलेली खाच कुठल्या पिशवीने भरायची, हे सगळं तिथे कळतं. वॉचमन येऊन विचारेल, साहेब, घरात काही झालंय का. सांगा त्याला, लडाखला चाललोय.