ट्रान्समीटरला नेमके काय जाणवते? इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

इन्स्ट्रुमेंटेशनची पदवी घेऊन किंवा आयटीआयमधून इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होऊन प्लांटमध्ये रुजू होणाऱ्यांना कॅलिब्रेशन येत असते आणि ट्रान्समीटर (मोजलेले मूल्य विद्युत संकेतातून कळवणारे उपकरण) वापरतो तो ४ ते २० मिलिअँपिअरचा हिशेब (४ म्हणजे रेंजचा तळ, २० म्हणजे वरचे टोक) तोंडपाठ असतो. तरीही पहिल्या वर्षात त्यांच्या हातून होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ एकच असते. समोरच्या उपकरणाला प्रत्यक्षात काय जाणवते आहे, हा प्रश्न विचारायचा राहून जातो. मी तो एका साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पात, बॉयलरशेजारी उभे राहून शिकलो.

गाळप हंगाम सुरू होऊन आठवडा झाला असेल. ड्रमच्या (बॉयलरमधल्या पाणी-वाफेच्या टाकीच्या) लेव्हल ट्रान्समीटरचा झिरो तपासण्यासाठी मी मॅनिफोल्डचा (ट्रान्समीटरवरच्या तीन व्हॉल्व्हच्या जोडणीचा) मधला, म्हणजे इक्वलायझिंग व्हॉल्व्ह उघडला. लूप (वाचनानुसार व्हॉल्व्ह आपोआप हलवणारी नियंत्रण साखळी) मॅन्युअलवर घ्यायला मी सांगितले नव्हते आणि दोन्ही बाजूंचे आयसोलेशन व्हॉल्व्ह उघडेच होते. मधला व्हॉल्व्ह बंद करून मी निघालो, तोच वॉकीटॉकीवर ऑपरेटरचा आवाज आला, "साहेब, स्क्रीनवर लेव्हल नव्वद आहे, पण गेज ग्लासमध्ये पाणी निम्म्याच्या खाली गेलंय. फीड व्हॉल्व्ह बंद होत चाललाय. तुम्ही काही केलंत का?" त्यांनी तोवर लूप मॅन्युअलवर घेऊन ड्रममध्ये पाणी सोडायला सुरुवात केली होती. त्यांनी गेज ग्लासकडे (ड्रममधली पातळी थेट दाखवणाऱ्या काचेकडे) दुर्लक्ष केले असते, तर पाणी कमी पडून बॉयलरच्या ट्यूब तापल्या असत्या.

झाले होते ते असे. हा ट्रान्समीटर पातळी मोजत नाही, दोन बाजूंच्या दाबांतला फरक मोजतो. एका बाजूला ड्रममधले पाणी असते आणि दुसऱ्या बाजूला सदैव काठोकाठ भरलेली पाण्याची उभी नळी, म्हणजे वेट लेग. दोन टॅपिंगमध्ये (ड्रमवरून दाब घेण्याच्या जागांमध्ये) ६०० मिमी अंतर असेल, तर ढोबळमानाने रिकाम्या ड्रमला उणे ६०० मिमी पाण्याइतका आणि भरलेल्या ड्रमला शून्य फरक मिळतो. मी तिन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे ठेवल्यामुळे वेट लेगमधले पाणी ड्रमच्या बाजूला निघून गेले, फरक शून्याकडे सरकला आणि कंट्रोलरने ड्रम भरला आहे असे समजून फीडचे पाणी तोडले. माझ्या सोबतच्या ज्येष्ठ मेकॅनिकनी मला ट्रान्समीटरला हातही लावू दिला नाही. कंडेन्सेट पॉटमध्ये (वेट लेगच्या माथ्यावरच्या छोट्या भांड्यात) वाफ थंड होऊन लेग पुन्हा भरेपर्यंत आम्ही थांबलो आणि स्क्रीनवरचा आकडा गेज ग्लासशी जुळल्यावरच लूप ऑटोवर दिला. त्या गडबडीत मी झिरो 'दुरुस्त' केला असता, तर लेग भरल्यावर तीच दुरुस्ती नवी चूक ठरली असती. हेही लक्षात ठेवा की अशा जोडणीत दोन्ही बाजू समान केल्यावर ट्रान्समीटरने २० मिलिअँपिअरच दाखवायला हवेत. तिथे ४ ची अपेक्षा धरून अनेकांनी चांगली रेंज बिघडवून ठेवलेली मी पाहिली आहे. शिवाय ६५ ते ७० बार दाबाला ड्रममधल्या पाण्याची घनता घनमीटरला सुमारे ७५० किलोपर्यंत उतरते, म्हणून थंड पाण्यावर जुळवलेले वाचन गरम बॉयलरवर तसेच राहील असे गृहीत धरू नये. त्यासाठी दाबानुसार भरपाईचे गणित डीसीएसमध्ये (प्लांटच्या संगणकीय नियंत्रण प्रणालीत) असते.

निवडीच्या वेळीही हाच प्रश्न कामी येतो. मॅग्नेटिक फ्लोमीटरला चुंबकीय क्षेत्रातून वाहणाऱ्या द्रवात निर्माण होणारे व्होल्टेज जाणवते आणि त्यासाठी द्रव वीजवाहक लागतो, त्यामुळे उसाच्या रसावर तो उत्तम चालतो, पण डीएम (क्षार काढलेल्या) पाण्यावर किंवा शुद्ध कंडेन्सेटवर चालत नाही. साधारण ५ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या खाली त्याचा भरवसा धरू नये. ऑरिफिसमध्ये (लाइनमध्ये बसवलेल्या भोकाच्या चकतीत) दाबाचा फरक प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून २५ टक्के प्रवाहाला रेंजच्या फक्त ६.२५ टक्के फरक मिळतो. वाफेच्या लाइनवर २५०० मिमी पाण्याची रेंज असेल, तर तो फरक १५६ मिमी होतो. दोन कंडेन्सेट पॉट ५० मिमीने वरखाली बसले, तर या १५६ मध्ये ५० ची चूक शिरते. वेल्डर पॉट बसवत असताना लेव्हल ट्यूब घेऊन स्वतः उभे राहा, कारण इन्सुलेशन चढल्यावर ही चूक कोणाला दिसत नाही. आरटीडीच्या (रोधावरून तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या) बाबतीत टर्मिनल घट्ट आहेत ना एवढे आधी पाहा. पीटी-१०० या नेहमीच्या प्लॅटिनम आरटीडीमध्ये भरपाई न होणारा एक ओहमचा जादा रोध म्हणजे सुमारे अडीच अंशांची चूक.

व्हॉल्व्हच्या बाबतीत सर्वांत महाग पडणारी सवय म्हणजे पाइपच्या मापाचाच कंट्रोल व्हॉल्व्ह मागवणे. माप ठरते ते प्रवाह, घनता आणि व्हॉल्व्हवर पडणारा दाबाचा फरक यांतून निघणाऱ्या सीव्हीवरून (व्हॉल्व्हच्या प्रवाहक्षमतेच्या आकड्यावरून), आणि नेहमीच्या प्रवाहाला तो ६० ते ८० टक्के उघडा राहावा असे मी पाहतो. गरजेपेक्षा मोठा व्हॉल्व्ह आठ-दहा टक्क्यांवर तरंगत राहतो, हंटिंग करतो (सतत वरखाली हेलकावत राहतो) आणि सीट झिजवून घेतो. व्हॉल्व्ह चालवणारी हवा गेल्यावर तो कुठे जाऊन थांबावा हे प्रोसेसच्या माणसांकडून लेखी घ्या: इंधनाचा बंद व्हावा, थंड करणाऱ्या पाण्याचा उघडावा.

हंटिंगची तक्रार आली की लगेच ट्यूनिंग बदलू नका. प्रथम परवानगी घेऊन लूप मॅन्युअलवर घ्या. वाचनाचे हेलकावे थांबले नाहीत, तर कारण लूपच्या बाहेर आहे. थांबले, तर आउटपुट एक-एक टक्क्याने बदलून स्टेमकडे (व्हॉल्व्हच्या दांड्याकडे) पाहा. तीन-चार टक्के काहीच न हलता तो एकदम उडी मारत असेल, तर ग्लँड (स्टेमभोवतीची गळती रोखणारी जोडणी) जास्त आवळलेली आहे किंवा पोझिशनरमध्ये (हवेने स्टेम हव्या जागी नेणाऱ्या उपकरणात) दोष आहे. फिल्टर रेग्युलेटरचा ड्रेन उघडून पाणी येते का तेही तेव्हाच पाहा. कोकणातल्या प्लांटमध्ये पावसाळ्यात एअर ड्रायर बिघडला की पोझिशनरच्या नोझलपर्यंत पाणी पोहोचते. काहीही फिरवण्यापूर्वी जसे सापडले तसे वाचन, व्हॉल्व्हचा टॅग आणि वेळ वहीत लिहून ठेवा. लेव्हल ट्रान्समीटर असेल, तर त्याच ओळीत गेज ग्लासचे वाचनही लिहा.