दोऱ्याची जाळी आणि पेठेतली गल्ली

एलिमेंटरी-इंटरमिजिएटची पोरं माझ्याकडं येतात तेव्हा लिओनार्दो, मायकेलअँजेलो, राफाएल ही नावं त्यांना तोंडपाठ असतात. गल्ली काढायला सांगितली की मात्र रस्ता आभाळात चढतो. म्हणून मी आधी जाळी करायला लावतो. युक्ती इटलीतला वास्तुकार आणि लेखक लेऑन बात्तिस्ता अल्बर्टी याची आहे. १४३५ साली चित्रकलेवरच्या ग्रंथात त्यानं लिहिलंय, डोळा आणि वस्तू यांच्या मधे विरळ विणीचं कापड ताणून धरा, जाड दोऱ्यांनी त्यात चौकोन पाडा.

कापडाऐवजी जुनी फोटोफ्रेम घ्या, आतून ३० बाय ४० सेंटिमीटरची. काच काढा, कडेनं दर ५ सेंटिमीटरवर बारीक खिळे मारा आणि काळा दोरा ताणून बांधा. ४८ चौकोन होतील. मांजा नको, बोटं कापतात. कागदावर तेवढेच चौकोन फिक्या पेन्सिलीनं आखा.

आमच्या कोल्हापुरात जागा म्हणून भवानी मंडप सगळ्यांना सुचतो, पण अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी तिथं टिकू देत नाही. शिवाजी पेठेतली एखादी सरळ, सपाट गल्ली गाठा. उताराची नको, त्यात गटारीची रेघ एकीकडं जाते आणि कौलांची दुसरीकडं.

आता खरी गोष्ट. डोळा हलला की जाळीचा उपयोग संपला. फ्रेम स्टुलावर पक्की उभी करा, तिच्यापासून हातभर अलीकडं एक काठी रोवा आणि काठीच्या टोकाशी डोळा ठेवूनच बघा, दुसरा मिटून. जर्मन चित्रकार ड्यूरर याच्या एका चित्रातला चित्रकारही असंच टोक डोळ्यापुढं ठेवून जाळीतून बघतो. (त्याचं मोजमापाचं पुस्तक १५२५ चं, हे चित्र मात्र त्याच्या मृत्यूनंतर, १५३८ च्या आवृत्तीत आलं.) दर वेळी मान वर करताना आधी टोक शोधायचं, मग गल्ली.

एका चौकोनात जेवढं दिसतं तेवढंच कागदावरच्या त्याच चौकोनात उतरवा. ‘हे दार आहे’ असं मनात आणू नका, नाहीतर हात आपल्या आठवणीतलं दार काढतो. पोरांना हेच सगळ्यात जड जातं.

मग पट्टी घ्या. कौलांच्या कडा, ओटे, गटारी, गल्लीच्या दिशेनं जाणाऱ्या सगळ्या रेघा पुढं वाढवा. तुमच्या डोळ्याच्या उंचीवर त्या एका ठिपक्यात मिळतील. तो व्हॅनिशिंग पॉइंट. फ्लॉरेन्सचा वास्तुकार ब्रुनेलेस्की यानं अल्बर्टीच्या आधी हेच गणित आरसा लावून दाखवलं होतं. आपल्या बाबुराव पेंटरांनी नाटकाचे पडदे रंगवले, त्यातले खांबांचे महालही याच हिशेबावर उभे राहतात.

रेघा मिळत नसतील तर चित्र आरशात धरा. अल्बर्टी आणि लिओनार्दो, दोघांचाही हा सल्ला आहे. उलटं चित्र परक्यासारखं दिसतं आणि तिरकी भिंत लगेच खटकते. तेवढी खोडा आणि पुन्हा काठीच्या टोकाशी डोळा लावा. रंग त्यानंतर.